वरील सर्वांशी सहमत

शुक्रवारी दुपारी साडेचार वाजता कौतिक झुलाल पाटील याने जळगावच्या बसस्थानकावर एसटीच्या खिडकीतून आपले मानसशास्त्राचे जर्नल आत टाकले. पुढच्या वीस-एकवीस तासांत त्याच्यावर जे जे ओढवले, त्याचे मूळ एवढेच होते.

वास्तविक खिडकीतून टाकायचा असतो तो रुमाल. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, अगदीच अडले तर पायातली एक चप्पल. उघड्या खिडकीतून अशी एखादी वस्तू सीटवर पडली, की ती जागा टाकणाऱ्याच्या मालकीची होते. मग तो दारातल्या रेटारेटीत सर्वांच्या शेवटी आत आला तरी चालते. या नियमाला कुठल्याही कायद्याचा आधार नव्हता आणि तरीही रुमालावर कोणी बसल्याचे कौतिकच्या ऐकिवात नव्हते. अडावदहून जळगावच्या कॉलेजात रोज ये-जा करणाऱ्या या मुलाला त्याचे वडील, झुलालआबा, गेली तीन वर्षे रोज सकाळी एकच प्रश्न विचारीत.

"रुमाल लिधा का?"

"लिधा, आबा."

"दोन ऱ्हावाले पाहिजेत. एक नाकले, एक जागाले."

मुलाच्या शिक्षणाविषयी आबांनी याव्यतिरिक्त कधी काही विचारले नव्हते. मन नावाच्या वस्तूचा अभ्यास करून पुढे काय पिकते, हे त्यांना कळले नव्हते. आणि जे कळत नाही त्यात तोंड घालायचे नाही, असा केळीच्या बागेत आयुष्य काढलेल्या त्या माणसाचा शिरस्ता होता. कौतिकने त्याचा अर्थ 'अनास्था' असा लावला होता. तसा शब्द पाठ्यपुस्तकात होता.

त्या शुक्रवारी मात्र कौतिकजवळ एकही रुमाल नव्हता. दुपारी स्पर्शसंवेदनाच्या प्रयोगात त्याने तो वर्गमित्र भटूच्या डोळ्यांना बांधला, आणि प्रयोग संपताच भटू तो कुठेतरी हरवून आला. हातात होते फक्त जर्नल. खाकी पुठ्ठ्याची ती जाड वही म्हणजे दहा प्रयोग आणि वर्षभराची मेहनत. वर्गातल्या इतरांनी आपली जर्नले आधीच्या वर्षीच्या मुलांवरून उतरवली होती, त्यामुळे त्या कॉलेजातल्या माणसांचा प्रतिक्रियाकाल गेली सहा वर्षे शतांश सेकंदानेही बदललेला नव्हता. कौतिकने मात्र दहापैकी नऊ प्रयोग खऱ्या माणसांवर केले होते. नवव्या प्रयोगासाठी तर तो महिनाभर याच स्थानकावर उभा राहून प्रवाशांचे निरीक्षण करीत होता. 'बसमधील जागा व मानवी वर्तन' असा त्याचा विषय होता आणि चाळीस प्रवाशांच्या नोंदींनंतर त्याने सुवाच्य अक्षरात निष्कर्ष लिहिला होता : 'प्रवासात मनुष्य केवळ स्वतःच्या जागेचा विचार करतो.'

दहावा प्रयोग, शब्दसाहचर्याचा, तेवढा राहिला होता. त्यासाठी पन्नाशीपुढचा, शेती करणारा माणूस हवा होता. तो घरीच होता. आज संध्याकाळी आबांना ओट्यावर बसवून तीस शब्द एकेक करून उच्चारायचे, प्रत्येकावर त्यांच्या मनात पहिला येणारा शब्द आणि त्याला लागलेला वेळ लिहायचा आणि सकाळी जर्नल घेऊन कॉलेज गाठायचे, असे त्याने ठरवले होते. विभागप्रमुख भंगाळे सरांनी वर्गात बजावून ठेवले होते, "शनिवारी सकाळी अकरापर्यंत पूर्ण जर्नल माझ्या टेबलावर. अकरा वाजून एक मिनिटानं मी कोणाला ओळखत नाही. शेवटच्या पानावरच्या प्रमाणपत्रावर माझी सही नसेल, त्यानं सोमवारी परीक्षेला येऊ नये. वर्ष गेलं समजायचं."

तर साडेचारला कपाळावर 'चोपडा' अशी पाटी असलेली गाडी फलाटावर आली. माणसे धावली. कौतिकने डाव्या बाजूची तिसरी खिडकी हेरली, हात उंच केला, क्षणभर त्याला आपल्या हातात काय आहे याची जाणीव झाली, आणि ती जाणीव पुरी होण्याआधी जर्नल आत पडले होते.

नंतर त्याला कळले ते असे : ती गाडी चोपड्याहून आलेली होती आणि पाटी मागच्या फेरीची होती. कंडक्टरने खाली उतरून शांतपणे ती काढली आणि 'धुळे' अशी पाटी लावली. "चोपडा पलीकडं लागली!" असे कोणीतरी ओरडले. दाराशी तुंबलेली सगळी गर्दी एकदम वळली. तिच्या मधोमध गळ्यापर्यंत बुडालेल्या कौतिकला पाटी दिसली नाही आणि वळणही कळले नाही. पाय जमिनीला न टेकता तो एका लाल गाडीत शिरला. आतून सगळ्या लाल गाड्या सारख्याच असतात. त्याने डाव्या बाजूची तिसरी खिडकी गाठली. तिथे मांडीवर रिकामी डालकी घेऊन धानोऱ्याच्या प्रमिलाबाई बसल्या होत्या. त्या रोज सकाळी त्याच टोपलीतून जळगावच्या बाजारात भाजी आणीत आणि दुपारी परतत. कौतिक त्यांना ओळखत होता; ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला 'प्रयुक्त' म्हणतात, आणि त्याच्या नोंदींत त्या 'प्रयुक्त क्रमांक सतरा : स्त्री, वय अंदाजे पन्नास, डालकीसह, आक्रमक' अशा होत्या.

"मावशी, ही जागा माझी आहे."

"आठे मी बठेल शे, भाऊ."

"मी खिडकीतून जर्नल टाकलं होतं."

"काय टाकं?"

"जर्नल! जर्नल!"

"ते काय ऱ्हास?" प्रमिलाबाईंनी शेजारणीकडे पाहिले. "कपडा ऱ्हास का भांडं?"

"वही असते, मावशी. खाकी पुठ्ठ्याची. तुम्ही बसण्याआधी इथं होती. तुम्ही ती बाजूला सारली आणि आता आठवत नाही म्हणता. असं होतं माणसाचं. जे गैरसोयीचं असतं ते मन विसरतं."

"मन्हं मन काही इसरत नही. सकायपासून बारा जुड्या मेथी उधारीवर गयी, कोनी कितली लिधी ते बठ्ठं माले याद शे. तुन्हं जर्नल मी काय खाई गयी का? ले, उचल डालकी, देख खाले!"

कौतिकने डालकी उचलली. खाली कोथिंबिरीच्या चार काड्या होत्या. त्याने सीटखाली वाकून पाहिले, मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला उठवून पाहिले, एका बाईच्या झोपलेल्या बाळाखालीही हात घातला. गाडी सुटली. शहर मागे पडले. गाडीतले निम्मे लोक प्रमिलाबाईंच्या बाजूने आणि उरलेले निम्मेही त्यांच्याच बाजूने बोलत होते. शेवटी तिकिटे फाडत फाडत नथ्थू कंडक्टर तिथवर आला आणि त्याने सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला.

"वही टाकली तेव्हा गाडीचा नंबर पाहिला होता का, पाटीलसाहेब?"

"पाटी पाहिली होती. चोपडा."

"ही गाडी तर पाटीसकट डेपोतून निघून लागली, भाऊ. चोपड्याची पाटी पाहून तुम्ही ज्यात टाकली, ती आता धुळ्याला चालली."

कौतिकला वैफल्याची व्याख्या आठवली : ध्येयाकडे जाणाऱ्या वर्तनाच्या मार्गात अडथळा आल्याने निर्माण होणारी अवस्था. व्याख्या अचूक होती, पण गाडी कशी थांबवायची हे तिच्यात दिलेले नव्हते. त्याने घंटेची दोरी स्वतःच ओढली आणि विदगावला उतरला. मागून प्रमिलाबाईंचा आवाज आला, "आते काबरं उतरस रे? आते तं जागा मी दी ऱ्हायनी व्हती!" त्या खरेच सरकल्या होत्या. ही नोंद करायला कौतिकजवळ वही नव्हती.

विदगावहून तो केळीच्या ट्रकमध्ये घडांच्या ढिगावर बसून जळगावला परतला. स्थानकातल्या नियंत्रण कक्षात जीवराम नावाचे नियंत्रक होते. त्यांनी ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि फोन फिरवला. एरंडोलहून गाडी निघून गेली होती. मग त्यांनी पारोळ्याला फोन लावला. तिथले तोताराम म्हणून नियंत्रक त्यांच्या ओळखीचे होते.

"तोतारामभाऊ, धुळे गाडी आली की डावी तिसरी खिडकी पाहा. खाकी वही आहे. उतरवून घ्या. मुलगा इथं अगदी रडकुंडीला आलाय हो... नाही, लहान नाही, मिशी आहे."

फोन ठेवून ते कौतिकला म्हणाले, "काम झालं. आता बस इथं बाकावर. चहा घे."

कौतिक बसला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ज्याचे वर्ष चालले आहे तो बाकावर बसू शकत नाही. त्याला हालचाल हवी असते, मग ती कोणत्या का दिशेने होईना. जीवराम चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात धुळ्याची पुढची गाडी लागली आणि कौतिक तीत चढला. या वेळी त्याने पाटी तीनदा वाचली आणि ड्रायव्हरलाही विचारून घेतले.

पारोळ्याला पोचला तेव्हा दिवे लागले होते. तोताराम हे गोल चेहऱ्याचे, कामाला तत्पर असे गृहस्थ होते. कौतिकला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"तुमचीच का ती वही? सापडली ना! बरोब्बर तिसऱ्या खिडकीत. त्यावर एक म्हातारे बसायलासुद्धा तयार नव्हते. म्हणाले, कोणाची तरी जागा आहे. बिचारे एरंडोलपासून उभे."

"कुठाय?"

"पाठवली ना जळगावला!" तोताराम विजयी मुद्रेने म्हणाले. "जीवरामभाऊ म्हणाले, मुलगा तिथं रडतोय. म्हटलं, ठेवून काय लोणचं घालायचंय? सहाची जळगाव गाडी उभीच होती. कंडक्टरच्या हातात दिली. कच्चं काम नाही केलं हं, सही-शिक्क्यानिशी दिली."

कौतिक मटकन बाकावर बसला. एरंडोलजवळ समोरून एक गाडी गेली होती आणि तिच्या दिव्यांनी त्याचे डोळे दिपले होते, हे त्याला आठवले. मानसशास्त्रात यालाही नाव असेल, असे वाटून तो आठवू लागला. पण त्याला फक्त आपण लहान असताना जत्रेत हरवलो होतो तो प्रसंग आठवला. याला प्रतिगमन म्हणतात, हे मात्र त्याला बरोबर आठवले.

तो परत जळगावला आला. कक्षात आता दुसरेच नियंत्रक होते. त्यांनी नोंदवही उघडून बोट फिरवले. "जर्नल एक नग. पारोळ्याहून प्राप्त. मालक स्थानकात आढळला नाही. वहीच्या पहिल्या पानावर पत्ता : मुक्काम अडावद, तालुका चोपडा. सबब शेवटच्या चोपडा गाडीने मालकाच्या घरी रवाना." त्यांनी वर पाहिले. "जीवरामभाऊंनी घरी जाता जाता स्वतः कंडक्टरच्या हातात दिली. तुमचा चहा पण सांगून ठेवला होता म्हणे. थंड झाला असेल."

"आणि मी कसा जाऊ घरी?"

"आता गाडी सकाळी साडेसहाला."

अशा रीतीने जर्नल घरी पोचले आणि विद्यार्थी वसतिगृहात भटूच्या खोलीत फरशीवर पडला. भटूने त्याला लगेच सगळा मार्ग सुचवला, "माझ्यावरून उतरव ना रात्रीत. तेच आकडे, तीच माणसं. सर कुठं वाचतात?" कौतिक कुशीवर वळला. एवढ्या माणसांनी इतक्या कळकळीने आपल्याला मदत केली आणि त्यांतल्या एकानेही ती केली नसती, तर जर्नल धुळ्याच्या स्थानकात मुकाट्याने पडून राहिले असते आणि एव्हाना हातात असते, या विचाराने त्याला झोप लागली नाही.

सकाळी प्रश्न एकच होता : जायचे की थांबायचे? जर्नल घरी आहे हे आबांना कळले असणार. पण ते घेऊन ते जळगावला येतील का? कौतिकने शास्त्रीय पद्धतीने विचार केला. ज्या माणसाने तीन वर्षांत आपला विषय कोणता हे विचारले नाही, कॉलेजची पायरी पाहिली नाही, सध्या ज्याची केळी कापणीला आली आहे, तो एका वहीसाठी काम टाकून येईल, ही शक्यता नगण्य होती. अभिवृत्ती एका रात्रीत बदलत नाहीत. तो साडेसहाच्या गाडीत चढला. खिडकीकडची जागा मिळाली नाही, म्हणून तापीच्या पुलावर समोरून आलेली गाडी त्याला दिसली नाही.

अडावदला आई, लताबाई, दारातच उभी होती.

"व माय, तू कथाइन उना?"

"आई, मन्हं जर्नल?"

"आबा लिसन गयात ना! पहिली गाडीवर." लताबाईंनी त्याला खालीवर न्याहाळले. "काल सांजले कंडक्टरनी वही आनी दिन्ही. सांगस, पोऱ्याले सकायले अकराले पाहिजे. आबा सांगेत, एस्टीनी वही धाडी, पोऱ्या नही धाडा. रातभर ओटावर बठेल व्हतात. एक घास नही खाधा."

आईने हातात दिलेली भाकरी तशीच घेऊन कौतिक फाट्याकडे धावला. गाडी सव्वाआठला मिळाली. साडेनऊपर्यंत पोचू, असा त्याने हिशेब केला. तापीच्या पुलावर केळीचा ट्रक आडवा झाला होता. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली होती आणि प्रवासी खाली उतरून, ट्रकवाल्याचे सांत्वन करीत, त्याची केळी खात होते. कौतिकला कोणीतरी दोन केळी दिली. ती हातात धरून तो पूल पायी ओलांडून गेला, पलीकडे एका मोटारसायकलवाल्याच्या पाया पडला आणि कॉलेजच्या फाटकाशी उतरला तेव्हा घड्याळात अकरा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. अकरा वाजून एक मिनिटानंतर भंगाळे सर कोणाला ओळखत नव्हते. त्याला तर आता चोवीस मिनिटे उशीर झाला होता.

विभागाचे दार अर्धवट उघडे होते. आतून सरांचा आवाज आला.

"झाड."

"केळ."

कौतिक दाराशीच थबकला. टेबलाच्या अलीकडे आबा बसले होते. धुतलेली टोपी, खांद्यावर काही नाही, हात गुडघ्यांवर, एसटीत डुलकी येऊ नये म्हणून माणूस बसतो तसे ताठ. पलीकडे सर, एका हातात स्टॉपवॉच आणि दुसऱ्या हातात पेन. टेबलावर जर्नल उघडे होते. दहावा प्रयोग.

"पाणी."

"लाईट."

"लाईट?"

"लाईट ऱ्हायनी तं पानी ऱ्हास ना, साहेब. मोटर काय हातवरी चालस?"

सरांनी मान डोलावून लिहिले. "भीती."

"वारा."

"प्रवास."

"जागा."

सरांची नजर दाराकडे गेली. त्यांनी कौतिकला बोटाने जागच्या जागी उभे राहण्याची खूण केली. आबांची पाठ दाराकडे होती.

"आता शेवटचा शब्द हं. मुलगा."

स्टॉपवॉचची टिकटिक ऐकू येत होती. आबा खिडकीबाहेर पाहत होते. पाच सेकंद गेले. दहा गेले. इतर एकोणतीस शब्दांना त्यांना दोन सेकंदांच्या वर लागले नव्हते. सरांनी पेन टेकवून ठेवले. चौदाव्या सेकंदाला आबा म्हणाले,

"रुमाल."

सरांनी घड्याळ बंद केले, आकडा लिहिला आणि कौतिककडे पाहिले. "ये. मुलगा म्हटल्यावर रुमाल. चौदा सेकंद. याचं स्पष्टीकरण प्रयोगकर्त्यानं लिहायचं असतं. लिही."

आबा वळले. त्यांनी मुलाला टाचेपासून डोक्यापर्यंत एकदा पाहिले, तो पुरता आहे अशी खात्री करून घेतली आणि मग एवढेच म्हणाले, "केळी कोनी दिन्ही?"

"पूलवर, आबा."

"खाई ले."

कौतिकने पेन उचलले, बराच वेळ उचलून धरले आणि स्पष्टीकरणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' असा एकच शब्द लिहिला. सरांनी तो वाचला आणि खोडला नाही.

"तुझे वडील साडेआठपासून या दाराबाहेर बसले होते," सर म्हणाले. "मी सांगितलं, जर्नल अपुरं आहे, शेवटचा प्रयोग व्हायचाय. म्हणाले, काय कमी आहे? म्हटलं, पन्नाशीपुढचा एक शेतकरी. म्हणाले, मग मी काय आहे?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "प्रयोग अकराला सुरू केला. त्यामुळे नियमाप्रमाणं जर्नल अकराला टेबलावर होतं. आता सही. पण सही करायची कुठं, ते मला सांग."

त्यांनी शेवटचे पान पुढे केले. 'प्रमाणित करण्यात येते की सदर विद्यार्थ्याने सर्व प्रयोग स्वतः पूर्ण केले आहेत.' खाली चार रेघा होत्या. विभागप्रमुखाच्या रेघेवर तोतारामांची ठसठशीत सही आणि गोल शिक्का होता. विषयशिक्षकाच्या रेघेवर 'मिळाले' असे लिहून जळगाव गाडीच्या कंडक्टरने सही केली होती. बाह्य परीक्षकाच्या जागी जीवराम होते, तेही शिक्क्यासह. त्यांच्याखाली तिरप्या अक्षरात चोपडा गाडीचा कंडक्टर होता. आणि विद्यार्थ्याच्या सहीच्या रेघेवर, माल ताब्यात घेतल्याची खूण म्हणून, आबांनी सावकाश, एकेक अक्षर वेगळे काढून, आपले पूर्ण नाव लिहिले होते.

"सर..." कौतिक टेबलावर वाकला. "मला दुसरं पान चिकटवू द्या."

"चिकटवलेल्या पानाला विद्यापीठाची मान्यता नाही." सरांनी पान वर-खाली निरखले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारभर जर्नलांवर न वाचता सह्या केल्या होत्या. या एकावर सही करायला त्यांना वेळ लागत होता. अखेर त्यांनी तळाच्या मोकळ्या जागेत 'वरील सर्वांशी सहमत' असे लिहिले, सही केली आणि तारीख घातली.

बाहेर पडल्यावर आबांनी एरवी खांद्यावर असणारे उपरणे पिशवीतून काढून जर्नलाभोवती गुंडाळले आणि घट्ट गाठ मारली. मग सदऱ्याच्या खिशातून निळ्या चौकडीचे दोन कोरे रुमाल काढून कौतिकच्या हातात दिले. सकाळी स्थानकावरच घेतलेले असावेत. घडीही मोडलेली नव्हती. कोणता नाकाचा आणि कोणता जागेचा, हे त्यांनी सांगितले नाही.

दीडच्या सुमाराला चोपडा गाडी लागली. शनिवार असल्याने गर्दी कालच्याहून जास्त होती. आयुष्यात पहिल्यांदाच खिशात दोन-दोन रुमाल असलेला कौतिक डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीखाली पोचला, त्याने खिशात हात घातला, रुमालाची घडी बोटांना लागली, आणि त्याच क्षणी त्याच्या कानाजवळून काहीतरी जड वस्तू सणसणत आत गेली.

"धरी टाकी जागा," मागून आबा समाधानाने म्हणाले.

त्यांच्या हातात उपरणे नव्हते. उपरणे आत गेले होते, गाठीसकट.

कौतिकने वर पाटीकडे पाहिले. पाटी 'चोपडा'च होती. कंडक्टर खाली उतरत होता आणि त्याचा हात पाटीच्या दिशेने चालला होता. तो हात पाटी बदलायला निघाला होता की नुसता घाम पुसायला, हे समजून घेण्यासाठी कौतिक थांबला नाही. मानवी वर्तनाचा अंदाज बांधण्याचे काम त्याने त्या क्षणापुरते सोडून दिले. त्याने खिडकीची गज नसलेली चौकट दोन्ही हातांनी धरली आणि डोके आत घातले. कमरेपर्यंत तो गेला आणि तिथे अडकला. बाहेर त्याचे पाय हवेत होते, आणि ते आबांनी कर्तव्यबुद्धीने धरून ठेवले होते.

आत, शेजारच्या सीटवर, मांडीवर रिकामी डालकी घेऊन प्रमिलाबाई बसल्या होत्या. मधल्या वाटेत एक धिप्पाड माणूस उभा होता आणि तिसऱ्या खिडकीची ती जागा त्याला हवी होती. गाठोड्याच्या फटीतून खाकी पुठ्ठा दिसत होता, आणि प्रमिलाबाईंनी त्यावर आपला हात आडवा ठेवला होता.

"आठे कोन्ही बठानं नही, भाऊ," त्या त्याला खडसावत होत्या. "दिसत नही का? आठे जर्नल शे!"

मग त्यांचे लक्ष खिडकीतून आलेल्या डोक्याकडे गेले. त्यांनी क्षणभर ते ओळखायचा प्रयत्न केला आणि आणखी सरकून जागा केली.

"उना का? ये, ये. बापले बी बलाव. तिघं बठी जाऊत."

गाडी चोपड्याचीच होती. विदगाव मागे पडले, तेव्हा कौतिक दोघांच्या मधे बसलेला होता. प्रमिलाबाई आणि आबा त्याच्या डोक्यावरून भाजीच्या भावाविषयी बोलत होते. त्याने गाठ सोडली, जर्नल मांडीवर उघडले आणि नवव्या प्रयोगाचे पान काढले. 'प्रवासात मनुष्य केवळ स्वतःच्या जागेचा विचार करतो.' प्रयुक्त क्रमांक सतराची डालकी त्याच्या गुडघ्याला टोचत होती, कारण तिसऱ्या माणसाला जागा करण्यासाठी प्रमिलाबाईंनी ती आपल्या पोटाशी तिरकी आवळून धरली होती.

निष्कर्ष सपशेल चुकला होता. कौतिकने पेनचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. आता काही करता येण्यासारखे नव्हते. त्या जर्नलावर सहा सह्या आणि दोन गोल शिक्के होते, आणि सोमवारी बाह्य परीक्षकांपुढे तोच निष्कर्ष त्याला उभे राहून, ठामपणे, सिद्ध करून दाखवायचा होता.